मॉडर्न एशियन रेस्टॉरंटमध्ये सहा जणांचं जेवण: काय मागवावं, काय विचारावं?

ओली_भेळ

शनिवारी रात्री लोअर परळ किंवा बीकेसीतल्या एखाद्या वरच्या दर्जाच्या मॉडर्न एशियन रेस्टॉरंटमध्ये सहा जणांचं जेवण ठरवायचंय. दोघं साठीच्या पुढचे, मासे खातात पण कच्चं नको. एक जण शाकाहारी, एक जैन, उरलेले दोघं सगळं खाणारे. ऑनलाइन मेन्यू पाहिला तर डिमसम, सुशी, रोबाटा (निखाऱ्यावर भाजलेलं जपानी), बाओ (वाफवलेले मऊ पाव), करी, नूडल्स असं पाच देशांचं एकत्र आहे. किती मागवायचं, कशानंतर काय, शाकाहारी आणि जैन माणसासाठी नेमकं काय विचारायचं आणि बिलात काय बघायचं? तपशीलवार सांगितलंत तर बरं होईल.

कोरा_चहा

मेन्यू बाजूला ठेवा, आधी वेळ पक्की करा. शनिवारी अशा बहुतेक ठिकाणी दोन पाळ्या असतात, साधारण साडेसातची आणि साडेनऊची. पहिल्या पाळीचं टेबल दीड-दोन तासांनी परत मागतात. तेवढ्यात सहा जणांचं होतं, पण पहिली ऑर्डर बसल्यापासून दहा मिनिटांत गेली पाहिजे. तुमच्याबरोबर ज्येष्ठ आहेत, त्यामुळे साडेसातचीच घ्या. उशिराच्या पाळीत संगीत इतकं चढवतात की समोरच्याचं ऐकू येत नाही.

टेबल मागताना ‘स्पीकरपासून आणि बारपासून लांब, पाठीच्या खुर्च्या’ असं शब्दांत सांगा. नुसतं ‘चांगलं टेबल द्या’ म्हणून उपयोग नाही. उंच स्टुलांचं टेबल मिळालं तर साठीच्या माणसाचा सगळा वेळ अवघडण्यात जातो.

आगाऊ पैसे घेत असतील तर ते बिलातून वजा होतात का आणि किती तास आधी रद्द केलं तर परत मिळतात, हे मेसेजवर लिहून घ्या. पुरुषांना हाफ पँट आणि उघडी चप्पल बऱ्याच ठिकाणी चालत नाही. ज्येष्ठांना पायाच्या त्रासामुळे सँडल घालावी लागत असेल तर आधी कळवा. सांगितलं की सहसा अडवत नाहीत, पण दारात उभं राहून वाद घालणं वाईट. पेकिंग डक हवं असेल तर तेही आदल्या दिवशीच सांगायचं. बदकाची कातडी कोरडी करायलाच रात्र जाते, ऐन वेळी मागून होत नाही.

तिरफळ

सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते सगळं एकदम मागवल्यामुळे. अशा किचनमध्ये सुशीचा काउंटर वेगळा, डिमसमचा स्टीमर वेगळा, वोक वेगळा, रोबाटाची शेगडी वेगळी. ज्याचं तयार झालं तो पाठवतो. बारा पदार्थ एका दमात सांगितलेत की पंधरा मिनिटांत आठ ताटल्या समोर, सगळं एकमेकांच्या गर्दीत गार होतं आणि नंतरचा तासभर टेबल रिकामं. म्हणून ऑर्डर तीन-चार लाटांत द्या. वेटरला सांगा, ‘पूर्ण ऑर्डर लिहून घ्या, पण आधीचं संपत आल्यावर पुढचं फायर करा.’ फायर हा किचनमधलाच शब्द आहे, त्याला लगेच कळतं.

क्रम असा: आधी गार आणि आंबट (सॅलड, सुशी), मग वाफवलेलं, मग तळलेलं आणि निखाऱ्यावरचं, शेवटी करी, वोक, भात, नूडल्स. सेशुआन पद्धतीचं काही असेल तर ते सुशीच्या नंतरच. त्यातली सेशुआन मिरी जिभेला बधिर करते, त्यावर माशाची नाजूक चव लागत नाही. ही मिरी आपल्या तिरफळाच्याच कुळातली, दोन्ही झँथोझायलम. कोकणात बांगड्याच्या आमटीत तिरफळं ठेचून घालतात आणि खाताना बाजूला काढतात. तिकडच्या सुक्या मिरच्यांच्या ढिगातल्या चिकनचंही तसंच: मिरच्या वासासाठी असतात, त्यातून चिकन वेचून खायचं. बरेच लोक मिरच्याही चावतात आणि मग पुढच्या तीन पदार्थांची चव हरवते.

प्रमाण सांगतो. डिमसमच्या करंडीत तीन किंवा चार नग असतात, म्हणजे सहा जणांत एक करंडी पुरत नाही. जादा नग देता येतील का विचारा, बऱ्याच ठिकाणी नगाप्रमाणे पैसे लावून देतात. निगिरी, म्हणजे भाताच्या लहान गोळ्यावर माशाचा काप, दोनच्या जोडीत येते, रोल सहा किंवा आठ तुकड्यांचा. मुख्य पदार्थ दोन माणसांत एक, भात किंवा नूडल्स तिघांत एक, गोड तिघांत एक. सहा जणांना तीन मुख्य आणि दोन भात-नूडल्स पोटभर होतात. कमी पडलं तर वोकवरचं दहा-बारा मिनिटांत येतं. जास्त झालं तर तळलेलं आणि सुशी घरी नेण्याच्या लायकीचं राहत नाही.

शेंगदाणा_कूट

शाकाहाराबद्दल. ‘व्हेज आहे ना?’ एवढंच विचारलंत तर ‘हो’ म्हणतील, कारण वरून टाकलेला घटक भाजीच असतो. प्रश्न तळाच्या रसात आहे.

मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूप, उडोन नूडल्सचा रस्सा, तेंपुराबरोबरचा (पातळ पिठात बुडवून तळलेलं) पातळ सॉस हे सगळं डाशीवर असतं. डाशी म्हणजे कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि कात्सुओबुशी. कात्सुओबुशी हा कुप्याच्या जातीचा मासा, धुरावून लाकडासारखा कडक वाळवलेला. शाकाहारी डाशी फक्त कोंबू आणि सुक्या शिताके मशरूमची होते. ती वेगळी करतात का, असं थेट विचारा. थाई करीच्या वाटणात कोळंबीची आंबवलेली पेस्ट आणि वरून फिश सॉस असतो. हिरव्या करीत टोफू घातला म्हणून ती शाकाहारी होत नाही. किमचीत बहुधा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी. एक्सओ सॉसमध्ये सुकी कोळंबी, म्हणजे आपले सोडे, आणि सुके शिंपले. ऑयस्टर सॉस कालवांचा असतो, त्याचा मशरूमवाला शाकाहारी प्रकार मिळतो. जपानी मेयोनेजमध्ये अंड्याचा बलक असतो, आणि शाकाहारी रोलवर तोच सर्रास ओढतात. गोडात पन्नाकोटा किंवा मूस असेल तर प्राण्यांपासूनचं जिलेटिन आहे की समुद्री वनस्पतीचं अगर, हे विचारा.

जैन माणसासाठी यादी आणखी लांब. कांदा, लसूण, बटाटा, गाजर तर आहेच, शिवाय आलं, मुळा आणि बऱ्याच कुटुंबांत मशरूमही. टर्निप केक नाव असलं तरी तो पांढऱ्या मुळ्याचा असतो. चिली ऑइल आणि श्रीराचा दोन्हींत लसूण. आणि एक गोष्ट वेटरलाही माहीत नसते: डिमसमच्या सारणात लिहिलेलं ‘वॉटर चेस्टनट’ हा चिनी प्रकार कंद आहे. आपला शिंगाडा हे पाण्यातल्या वेलीचं फळ, ते वेगळं. भाषांतरात दोन्हींना एकच नाव पडलंय.

ओली_भेळ

हे फारच उपयोगाचं. जैनसाठी डिमसम सोडूनच द्यावं का? आणि शाकाहारी पण याच धर्तीचं पर्यायी ठिकाण आहे का?

शेंगदाणा_कूट

सोडू नका, पण बुकिंगच्या वेळीच कळवा. डिमसमचं सारण दुपारी बनतं आणि संध्याकाळपर्यंत नग भरून तयार असतात. रात्री आठ वाजता ‘यातलं आलं-लसूण काढा’ म्हणून काढता येत नाही. आदल्या दिवशी सांगितलंत तर दुपारी वेगळी चार नगांची करंडी भरून ठेवतात. ऐन वेळी उरतं ते वोकवरचं. भाजी, टोफू, भात तिथल्या तिथे जैन करता येतो, फक्त सॉस बाटलीतला नको हे सांगा.

पर्याय म्हणाल तर फोर्टातलं बर्मा बर्मा २०१४ पासून आहे आणि पूर्ण शाकाहारी आहे. तिथे माशाच्या रसाचा प्रश्नच येत नाही. आंबवलेल्या चहापत्तीचं सॅलड आणि खाव स्वे (नारळाच्या दुधातल्या नूडल्स) जरूर घ्या. मद्य मिळत नाही आणि सुशी-डिमसमचा तो थाट नाही, हे धरून चला.

मोदकपात्र

डिमसमबद्दल थोडं सविस्तर, कारण त्याची पारख आपल्या लोकांना सहज जमण्यासारखी आहे. कोळंबीचं पारदर्शक हर गाऊ घ्या. त्याची पारी गव्हाच्या स्टार्चची आणि टॅपिओका स्टार्चची. मैदा नाही, गव्हाच्या पिठातलं ग्लुटेन धुऊन काढून उरलेला स्टार्च. ग्लुटेन नसल्यामुळे गार पाण्यात मळलं तर गोळाच होत नाही. म्हणून उकळतं पाणी ओतून, झाकून, गरम असतानाच मळतात. म्हणजे उकडच! मोदकाच्या तांदळाच्या पिठाला जे लागू, तेच इथे: पाणी पुरेसं उकळलेलं नसेल तर पारी तडकते, मळून उघडी राहिली तर कडा सुकतात आणि कळ्या घालताना फाटतात. चांगल्या हर गाऊला किमान सात कळ्या अपेक्षित असतात, आणि आतली कोळंबी गुलाबी दिसेल इतकी पारी पातळ असावी.

करंडी आल्यावर तिच्यात दोन गोष्टी बघा. पारी चकचकीत आणि किंचित ओलसर हवी. मधे पांढुरकी, कडेला ताठ झाली असेल तर ती वाफवून बराच वेळ थांबलेली आहे. दुसरं, नग कागदाला चिकटला असेल तर वरून ओढू नका, खालची पारी फाटून रस निघून जातो. चॉपस्टिकचं टोक बाजूने खाली सरकवून किंचित फिरवा, मग उचला. हे वाफेतून आल्यापासून पाच मिनिटांत संपायला हवं. फोटो एकच काढा.

रसवाल्या डंपलिंगचं, म्हणजे शाओ लाँग बाओचं, गणित वेगळं. आतला रस भरताना रस नसतोच. डुकराच्या कातडीचा किंवा कोंबडीच्या पायांचा रस्सा आटवून, गार करून जेली करतात, तिचे तुकडे सारणात मिसळतात आणि वाफेवर ती वितळते. शाकाहारी प्रकारात जिलेटिनऐवजी अगर असतं. अगर सुमारे ८५ अंशांना वितळतं आणि ४० च्या खाली आलं की परत घट्ट होतं. जिलेटिन मात्र अंगाच्या उष्णतेलाही पातळ राहतं. त्यामुळे शाकाहारी डंपलिंग चार-पाच मिनिटं तसंच राहिलं की आत रस न सापडता थलथलीत गोळा सापडतो. ‘रस नव्हताच’ ही तक्रार बहुतेक वेळा यातून येते. शेंड्याला धरून चमच्यात घ्या, बाजूला लहान छिद्र पाडा, वाफ जाऊ द्या, रस प्या, मग आल्याच्या कातरणासह काळ्या व्हिनेगरबरोबर उरलेलं खा. अख्खं तोंडात टाकलंत तर टाळू भाजतो.

शाकाहारी माणसासाठी अजून एक: करंड्या एकावर एक रचून वाफवतात. वरच्या करंडीत कोळंबी असेल तर तिचं पाणी खालच्या करंडीत ठिबकतं. शाकाहारी करंडी वेगळ्या स्टीमरवर किंवा सर्वांत वर ठेवायला सांगा. हर गाऊच्या पिठात परंपरेने डुकराची चरबीही असते, शाकाहारी डिमसमच्या पिठात तेलच आहे ना, हे त्याच वेळी विचारून घ्या.

भरतीओहोटी

ज्येष्ठांना कच्चं नको म्हणताय, तर मिसोत मुरवलेला ब्लॅक कॉड किंवा त्याच पद्धतीचा सी बास बघा. गोडसर पांढऱ्या मिसोत मासा दोन-तीन दिवस ठेवून मग भाजतात. मांस थरांनी सुटतं, चावायला मऊ, तेलकट असल्यामुळे कोरडं होत नाही. ब्लॅक कॉडच्या नावाखाली दुसरा मासा येऊ शकतो, म्हणून ‘आज कोणता मासा आहे?’ एवढं विचाराच. बासा म्हणाले तर पैसे घालू नका. बारीक काटे चिमट्याने काढलेत का, हेही विचारा.

कच्चं खाणाऱ्या दोघांसाठी: मेन्यूवर ‘इंडियन सॅमन’ लिहिलं असेल तर तो रावस. सॅमनच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. रावस भाजून उत्तम, पण साशिमीला, म्हणजे भाताशिवाय दिल्या जाणाऱ्या कच्च्या कापांना, नॉर्वेहून येणारा सॅमन निराळा. कच्चा द्यायचा मासा परजीवी मरण्यासाठी −२० अंशांना सात दिवस किंवा −३५ अंशांना गोठवून १५ तास ठेवतात. त्यामुळे ‘फ्रोझन आहे का?’ हा प्रश्न इथे कमीपणाचा नाही, उत्तर ‘हो’ असलेलं चांगलं. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत स्थानिक पापलेट-सुरमईच्या खास डिशपेक्षा बाहेरून येणाऱ्या माशांच्या डिश भरवशाच्या.

सुशीचा भात अंगाइतका कोमट हवा. फ्रिजमधून आलेला भात दातांखाली कडक लागतो, कारण गार झाल्यावर स्टार्च परत घट्ट बांधला जातो. रात्रीचा इंद्रायणी भात सकाळी जसा लागतो तसा. गार, कडक सुशी आली तर नम्रपणे परत पाठवा. निगिरी उलटी करून फक्त मासा सोयाला लावा. भात बुडवलात की तो सोया शोषून फुटतो आणि मीठच मीठ लागतं. हिरवी वासाबी बहुतेक वेळा हॉर्सरॅडिशला रंग देऊन केलेली असते. खऱ्या वासाबीचा कंद समोर किसून देतात आणि तिचा झणका पंधरा मिनिटांत उतरतो, ती सोयात कालवायची नाही. आल्याचे गुलाबी काप दोन घासांमध्ये जीभ स्वच्छ करायला. सुशीवर ठेवून खायला नव्हेत.

रक्तदाब असेल तर लक्षात ठेवा: एक टेबलस्पून सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलीग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २,००० च्या आत ठेवायला सांगते. ज्येष्ठांच्या वाटीत सोया ओतूच नका, बोटाचं टोक भिजेल एवढाच.

वालाचं_बिरडं

चॉपस्टिक येत नसतील तर काटा-चमचा मागायला अजिबात संकोच नको. थाई करी-भात थायलंडमध्येही चमच्यानेच खातात: उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा, काट्याने भात चमच्यावर सारायचा. निगिरी हाताने खाल्लेली जपानमध्येही चालते. चॉपस्टिक वापरणार असाल तर दोनच गोष्टी पाळा. भातात उभ्या खोचायच्या नाहीत, कारण तिथे मृतासाठी ठेवलेल्या भातात तशा खोचतात. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात.

सहा जणांत टेस्टिंग मेन्यू (शेफने ठरवलेले लहान-लहान पदार्थ एकामागून एक) घेऊ नका, असं माझं ठाम मत. बहुतेक ठिकाणी तो अख्ख्या टेबलाला घ्यावा लागतो आणि जैन माणसासाठी त्यातले निम्मे पदार्थ बदलून काहीतरी पोकळ येतं. तो दोघांनी काउंटरवर बसून घेण्याचा प्रकार.

कोरा_चहा

टेस्टिंग मेन्यूबद्दल थोडं वेगळं म्हणेन. आठवडाभर आधी लिहून कळवलं तर काही शेफ शाकाहारी मेन्यू मन लावून करतात. पण जैनसाठी आणि शनिवारी नको, हे मान्य.

पक्कं_बिल

बिलाचं. रेस्टॉरंट स्वतंत्र असेल तर जेवणावर ५ टक्के जीएसटी. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर जातं, त्या आवारातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. म्हणजे कुलाब्याला ताजमधल्या वासाबीत आणि बाहेरच्या रेस्टॉरंटमध्ये मेन्यूवरचा आकडा सारखा असला तरी हाती येणारं बिल वेगळं. मद्यावर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट असतो आणि त्याचा हिशेब वेगळा दाखवतात.

सेवा शुल्क सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. १०,००० रुपयांच्या जेवणाचं उदाहरण घ्या. १० टक्के सेवा शुल्क लावलं की ११,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी ५५०, एकूण ११,५५०. शुल्क नसेल तर १०,५००. फरक १,०५० रुपयांचा, कारण शुल्कावरही कर बसतो. नको असेल तर ‘हे काढून नवीन बिल द्या’ एवढंच शांतपणे म्हणा. नकार दिला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

पाण्याचं विसरू नका. ‘स्टिल की स्पार्कलिंग?’ विचारतात तेव्हा दोन्ही बाटल्याच असतात. फिल्टरचं हवं असेल तर ‘साधं पाणी’ असं सांगा. सहा जणांत चार-पाच बाटल्या सहज फुटतात.

कोरा_चहा

शुल्क काढलंत आणि सेवा चांगली होती, तर वेटरच्या हातात रोख ठेवा. ज्याने तुमचे बारा प्रश्न किचनमध्ये जाऊन विचारले, त्याला ते मिळायलाच हवेत.

ओली_भेळ

सगळ्यांचे आभार. असं ठरवतेय: एडामामे (उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा) दोन, सॅमन निगिरी एक जोडी, शाकाहारी रोल एक, हर गाऊ, शाकाहारी डंपलिंग आणि जैन करंडी (आदल्या दिवशी सांगून), कोळंबी तेंपुरा, मिसो ब्लॅक कॉड, थाई हिरवी करी टोफूची, वोकवरची भाजी जैन, साधा भात दोन, नूडल्स एक, गोड दोन. काही चुकतंय का?

तिरफळ

तीन बदल. हिरवी करी मुख्य म्हणून शाकाहारी माणसासाठी धरलीय, तर वाटण कोळंबीच्या पेस्टशिवाय आहे का ते बुकिंगच्या वेळीच विचारा. वाटण आठवड्याचं करून ठेवलेलं असतं, रात्री बदलत नाही. नाही म्हणाले तर करीऐवजी वोकवरचा टोफू घ्या. नूडल्स कमी करा, त्याऐवजी एक भात जैन फ्राइड राइस करून मागवा, नाहीतर जैन माणूस शेवटी कोऱ्या भातावर येतो. आणि तेंपुरा कॉडच्या आधी, एकटाच मागवा, सॉस वेगळ्या वाटीत. क्रीमी सॉसमध्ये घोळवून आला तर पाच मिनिटांत आवरण ओलं पडतं. तळणीचं तेलही विचारा: कोळंबी तळलेल्या तेलातच शाकाहारी तेंपुरा तळत असतील तर शाकाहारी माणसाला तो नको.

मोदकपात्र

हर गाऊ चौघेच खाणारे आहेत, म्हणून चार नगांची एक करंडी बरोबर बसते. तीन नगांची असेल तर एक जादा नग मागा. आणि शाकाहारी डंपलिंग रसवाली असतील, तर करंडी ठेवणाऱ्याला ती थेट शाकाहारी माणसासमोर ठेवायला सांगा. टेबलाच्या मधोमध ठेवली की बोलण्याच्या नादात ती तिथेच गार होते.